घरून परवानगी नाही

तो कवळ्या करायचा. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या हिरड्यांचे ठसे त्याच्याकडे यायचे. त्यांचे प्लास्टरचे साचे करायचे, साच्यांवर मेण लावून एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घडवायची, घासून गुळगुळीत करायची, की कवळी डब्यात बंद होऊन परत डॉक्टरकडे. काम करायची खोली लांबट होती. खिडकीशी टेबल, टेबलावर बिजागरीला जोडलेले जबडे, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. जबडा वर-खाली करून चावा जुळतो का ते तो तासन्‌तास बघत बसे.

"दिवसभर एवढी तोंडं समोर, पण एक बोलेल तर शपथ," त्याची बायको म्हणायची. "म्हणून तर हे काम मानवलं तुम्हाला."

मानवलं होतं खरं. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता, आणि त्यातून 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कुणी कुठे बोलावलं, काही मागितलं, गळ घातली, की तो हसायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "घरी विचारून सांगतो." चार दिवस जाऊ द्यायचा आणि मग खांदे उडवून सांगायचा, "काय करू, हिला नाही पटत." समोरचा माणूस हसायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि निघून जायचा. त्याच्यावर कुणी रागावत नसे. बायकोच्या खांद्यावर बंदूक ठेवली की काम भागतं, हे त्याला लग्न झाल्या झाल्याच उमगलं होतं. बायकोला विचारलेलं मात्र क्वचितच असायचं.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा त्याने लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतली. मोठी टाकी, पुढे वाऱ्याला अडवणारी काच, बाजूला सामानाच्या पेट्या, आणि मागच्या माणसाला आरामखुर्चीसारखी टेकायला पाठ. एवढी आडदांड गाडी, पण आवाज कसा, तर शेजारच्या खोलीत कुणीतरी समाधानाने घोरतंय असा.

त्या टेकायच्या पाठीचा बायकोला काही उपयोग नव्हता. ती मागे टेकायचीच नाही. पुढे झुकून, हनुवटी त्याच्या खांद्याशी आणून ती बोलायची. डोळ्यांच्या दवाखान्यात ती स्वागताच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोकांना "बसा, नंबर आला की हाक मारते" सांगायचं. डॉक्टर आत चहा पीत असले तरी "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, येतीलच," हे इतक्या गोड, शांत आवाजात सांगायचं की चिडलेला माणूसही पुन्हा खाली बसे. घरी आली की तिच्या तोंडात शब्द उरत नसत. एकीकडे टीव्ही, दुसरीकडे फोन. पण गाडीवर बसली, शहर मागे पडलं, की तिचा नळ सुटायचा. चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणारे आजोबा, 'मला दिसत नाही' म्हणत खिडकीतून तिच्या डब्यात काय आहे ते बरोबर ओळखणारी बाई, सगळ्यांच्या नकला. तो बोलायचा नाही. हसू दाबताना त्याची पाठ हलायची. पाठ हलली की तिला पुढची नक्कल सुचायची.

त्या हसण्यासाठी आणि त्या नकलांसाठीच तो रविवारची वाट बघायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्याला वाटायचं.

एरवी, ती दवाखान्यात असेल त्या रविवारी, तो एका टोळक्याबरोबर जायचा. सगळे पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, सगळ्यांच्या गाड्या मोठ्या. टोळक्याचा म्होरक्या विमा विकायचा, पण गाडीवर बसला की त्याला सगळे कॅप्टन म्हणत. याला त्यांनी नाव ठेवलं होतं बत्तिशी. त्यांच्यात कंपनीचा सायलेन्सर शिल्लक राहिलेला हा एकटाच. बाकी सगळ्यांनी तो काढून बाहेरचे, गडगडाट करणारे बसवून घेतले होते.

"बत्तिशी, तू गाडी चालवतोस की मांजर पाळलंयस?" कॅप्टन म्हणायचा. "आलास कधी, गेलास कधी, कळत नाही. एखाद दिवशी तुला विसरून पुढे जाऊ."

मग कॅप्टनने स्वतःसाठी आणखी नवा सायलेन्सर आणला आणि जुना बत्तिशीला देऊन टाकायचं जाहीर केलं. गाड्या एकाच जातीच्या, तो बरोबर बसणार होता. त्याला गॅरेजवर नेण्यात आलं. मेकॅनिकने दोन बोल्ट सैल करून तो तात्पुरता लावूनही दाखवला.

"कंपनीचा बोजड असतो. हा हलका," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "गाडी थोडी मोकळी झाल्यासारखी वाटेल. आवाज तर ऐकालच. पण एक सांगतो, लांबच्या रस्त्यावर हा एका सुरात घुमतो. एकटे फिरत असाल तर मजा आहे. मागे कुणी बसत असेल तर त्या माणसाला विचारून घ्या."

त्याने बटण दाबलं. आवाज कानात शिरायच्या आधी छातीत शिरला. गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. रस्त्यावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं. आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. जन्मात पहिल्यांदा आपण खोलीत शिरल्यावर खोलीला कळलं, असं काहीसं त्याला वाटलं. तो चौकापर्यंत जाऊन वळसा घालून आला. येताना सवयीने त्याने डावा खांदा किंचित मागे नेला, ती बोलताना न्यायचा तसा, आणि त्याच्या लक्षात आलं, आता मागे ती असती तर एक अक्षर कळलं नसतं.

नको, असं त्याला तिथल्या तिथे वाटलं. स्वच्छ वाटलं. पण आठ-दहा बाप्ये गोल करून उभे. त्यांना काय सांगायचं? मला माझ्या बायकोची बडबड ऐकायची असते? हे वाक्य तोंडातून काढायच्या कल्पनेनेच त्याचे कान तापले.

"घरी विचारून सांगतो," तो म्हणाला.

या वेळी त्याने खरंच विचारलं. रात्रीची भांडी ती धूत होती, तो पुसत होता.

"कॅप्टन त्याचा सायलेन्सर देतोय. आवाज मोठा आहे जरा."

"मग बसवा की. गाडी तुमची, हौस तुमची."

"तुला त्रास होईल."

"मी कानात कापूस घालीन." मग ती हसली. "माझी टकळी मात्र बंद. सुटलात एकदाचे!"

मला सुटायचं नाहीये, एवढंच म्हणायचं होतं. त्याने हातातली ताटली पुन्हा एकदा पुसली आणि रॅकमध्ये ठेवली.

पुढच्या रविवारी टोळक्याने विचारलं, तेव्हा त्याचं नेहमीचं वाक्य तयार होतं. "हिला नाही पटत. डोकं दुखतं म्हणते." पण या वेळी कॅप्टन हटेना. अरे, एकदा समजावून बघ, प्रेमाने सांग. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणाली, एक तर घरात तो राहील, नाहीतर मी."

काय हशा पिकला! चहाच्या टपरीवर लोक वळून बघायला लागले. कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बत्तिशी, लेका, तुझ्या घरी तर हायकोर्ट आहे!"

इथे त्याचं चुकलं. म्हणजे आधीही चुकलंच होतं, पण इथे त्याला चव लागली. ज्याच्याकडे आजवर सांगायला गोष्ट नव्हती त्याच्याकडे आता दर रविवारी गोष्ट मागितली जाऊ लागली. "हायकोर्ट काय म्हणतंय?" की हा सुरू. बूट दाराबाहेर काढायला लावते. आल्यावर टाकीतलं पेट्रोल तपासते. एकदा म्हणे चावीच लपवून ठेवली. हे सगळं तो तिच्यासारखा हातवारे करून, आवाज बारीक करून सांगायचा. नकला करायला तो तिच्याकडूनच शिकला होता, आणि आता नक्कल तिचीच चालली होती. घरी परतताना हे त्याला खुपायचं. पण पुढच्या रविवारपर्यंत ते बोथट होऊन जायचं.

मग टोळक्याने बायकांना घेऊन सहल काढली. घाटापलीकडे एका तळ्याकाठी विश्रामगृह होतं, तिथे दुपारचं जेवण आणि संध्याकाळच्या आत परत. त्याने टाळायचा प्रयत्न केला. पण टाळायला 'हिला नाही जमत' हे एकच वाक्य त्याच्याकडे होतं, आणि कॅप्टनने या वेळी परस्पर तिलाच फोन केला होता. तिने आनंदाने सुट्टी काढली. जाताना वाटभर ती बोलत होती. त्याची पाठ मात्र हलत नव्हती.

"काय झालं? बरं नाही का?"

"काही नाही. वारा आहे."

तिथे पोचल्यावर जो तो तिच्याशी जपून वागू लागला. एकाने तिला बघून सिगरेट पाठीमागे लपवली. कॅप्टनच्या बायकोने सावलीतली खुर्ची तिच्यासाठी पुसून दिली. "वहिनी, कागदी पेल्यात चहा चालेल ना? नाहीतर कप शोधते. तुम्ही सांगा तसं." बायकांचे घोळके तिच्या जवळ आले की आवाज खाली जायचे. ती चकित झाली, मग संकोचली. शेवटी त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, माझ्या कपाळावर काही लिहिलंय का?"

"नाही," तो म्हणाला. हा 'नाही' मात्र झटकन निघाला.

जेवणं झाली. हात धुऊन सगळे व्हरांड्यात जमले तसा कॅप्टन काळं जाकीट वकिलाच्या डगल्यासारखं पांघरून उभा राहिला. त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेली लांबोडकी वस्तू होती. त्याने गोणपाट सोडलं. सायलेन्सर घासूनपुसून चकचकीत केलेला होता.

"माननीय हायकोर्ट!" कॅप्टन तिच्यासमोर कमरेत वाकला. "आमच्या गरीब अशिलाचा अर्ज आहे. त्याला हा एवढा बसवू द्या. आपलं डोकं दुखतं, मान्य. आपण त्याचे बूट बाहेर काढायला लावता, पेट्रोल तपासता, चावी लपवता, तेही त्याने सोसलं. पण 'एक तर तो राहील नाहीतर मी' हा निकाल फार कडक होतो, वहिनी! काहीतरी दया करा."

सगळे टाळ्या पिटू लागले. ती हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होती. एखादी गोष्ट आपल्याला कळलेली नाही पण कळेल अशा आशेने माणूस हसतं, तसं. मग तिने त्याच्याकडे बघितलं. तो व्हरांड्याच्या कठड्याकडे, कठड्यावरच्या मुंग्यांच्या रांगेकडे बघत होता. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार होता, कळायला कितीसा वेळ लागणार?

आता ती सांगेल, त्याला वाटलं. आता सांगेल की मी तर बसवा म्हटलं होतं. सांगितलं तर बरंच, असंही त्याला वाटलं.

"हो," ती म्हणाली. "मीच नको म्हटलंय. अर्ज नामंजूर."

हशाने व्हरांडा दणाणला. कॅप्टनने छातीवर हात मारून घेतला. बायकाही आता मोकळेपणी हसल्या. तीही हसत होती. आणि त्याला तेवढ्या गोंधळात तो आवाज ओळखू आला. गोड, शांत. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, येतीलच. तिने त्याला पाठीशी घातलं होतं, तेही दवाखान्यात रोज कुणाकुणाला घालते तसं, नोकरी म्हणून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विश्रामगृहाच्या मागे नळ होते. ती डबे विसळत होती. तो तिथे जाऊन उभा राहिला. तिने नळ बंद केला नाही.

"चावी कधी लपवली मी?"

"नाही लपवलीस."

"आणखी कुणाकुणाला काय काय नको म्हटलंय मी? एकदा कळू दे तरी. लोक विचारतात, मला उत्तर यायला हवं."

 तिने डब्याचं झाकण घासायला घेतलं, घासलेलंच पुन्हा.

"तुमच्या मित्राला तुमच्याबरोबर कवळ्यांची लॅब काढायची होती, ती?"

"हो."

"म्हणून त्याची बायको रस्त्यात तोंड फिरवते. मला वाटायचं, तिला कमी दिसतं. आमच्याकडे तपासायला ये म्हणून सांगणार होते मी तिला." ती हसली, आणि मग एकदम थांबली. तिचा हात झाकणावर तसाच राहिला. "आत्या?"

आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. कंबरेच्या ऑपरेशननंतर काही महिने तिला त्यांच्याकडे राहायचं होतं. तिने त्याला विचारलं होतं, आणि बायकोने तर ऐकल्या ऐकल्या मुलीची खोली रिकामी करायला घेतली होती. मग त्यानेच घरी सांगितलं, आत्याचा बेत बदलला, ती दुसऱ्या भाच्याकडे जातेय. आजारी माणसाचं हवं-नको बघायचं, तिला उठवायचं-बसवायचं, रात्रीबेरात्री जागायचं, याचा त्याला धसका बसला होता. हे आत्याला तोंडावर कसं सांगणार?

"त्यांना भेटायला गेले तेव्हा माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "दोनदा गेले. मग जाणं सोडलं. त्या गेल्या तेव्हा तुम्ही रडत होतात, आणि मी मागे उभी राहून विचार करत होते, माझं काय चुकलं असेल."

नळाचं पाणी वाहत होतं. त्याने तो बंद केला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"आणि हे आत्ताचं? सायलेन्सर का नको होता तुम्हाला? मी तर हो म्हटलं होतं."

"तुझं बोलणं ऐकू आलं नसतं," तो म्हणाला. "गाडीवर तू बोलतेस ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हे त्यांना सांगायची लाज वाटली तुम्हाला?"

"हो."

"आणि मी कजाग आहे हे सांगायची नाही वाटली."

तिने डबे पिशवीत भरले आणि ती निघून गेली.

निघायच्या वेळी सगळे गाड्यांपाशी जमले. हातमोजे चढत होते, हेल्मेटं पुसली जात होती. कॅप्टन सायलेन्सर पुन्हा गोणपाटात बांधत होता. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हिने कधीच नको म्हटलं नव्हतं. बसवा म्हणाली होती. मलाच नको होता."

कॅप्टनने आधी त्याच्याकडे, मग लांब उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं आणि तो खो खो हसत सुटला. "वहिनींनी पढवून पाठवलं वाटतं! ऐका रे, हायकोर्टाने साक्षीदार फिरवला!"

"अरे, खरंच सांगतोय. चावी, बूट, पेट्रोल, सगळं मी रचलं होतं."

"हो हो. आता घरी जाऊन जेवायला मिळेल तुला," कुणीतरी म्हणालं.

तो जितकं सांगू लागला तितका हशा वाढला. आपण तिचं नाव इतकं पक्कं करून ठेवलंय की आता खरंही तिच्याच धाकाने बोलल्यासारखं वाटतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं. उरलं होतं ते एकच वाक्य. ते तरी खोटं म्हणून खपणार नव्हतं.

"ती मागे बसून बोलत असते," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "मागे बसून बोलते ती. मला ते ऐकायला आवडतं. तो लावला असता तर ऐकू आलं नसतं. म्हणून नको होता."

आता कुणी हसलं नाही. एकाने हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला. कॅप्टनने गोणपाटाची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. त्यांना त्याच्यासाठी लाज वाटत होती, आणि तो तापलेल्या कानांनी ती सोसत उभा होता. "बरं," कॅप्टन शेवटी म्हणाला, "निघू या. उजेड आहे तोवर घाट उतरू." कॅप्टनच्या बायकोने मात्र जाता जाता कॅप्टनच्या हातातलं ते गाठोडं एकदा बघितलं आणि काही न बोलता गाडीवर बसली.

बायकोने हे ऐकलं होतं. ऐकू येईल एवढ्या अंतरावर ती होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. ती गाडीवर बसली आणि मागे टेकली. पहिल्यांदाच. त्या पाठीसाठी केवढा आग्रह धरला होता त्याने दुकानात.

टोळक्याच्या गाड्या गडगडत पुढे निघून गेल्या, वळणाआड दिसेनाशा झाल्या. त्याची गाडी हळूहळू घाट उतरत होती. चाकाखालची खडी ऐकू येत होती. पेटीतल्या डब्यांची झाकणं किणकिणत होती. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणंही अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. डावा खांदा मागे न्यायचा त्याला धीर झाला नाही.

अर्धा घाट उतरल्यावर ती पुढे झुकली.

"आत्यांना काय सांगितलं होतंत? माझ्या नावाने. शब्द न् शब्द सांगा."

त्याला वाटलं, बसवला असता तो सायलेन्सर तर बरं झालं असतं. काय म्हणालीस, ऐकू नाही आलं, म्हणता आलं असतं. घरी गेल्यावर बघू, म्हणता आलं असतं. पण गाडी समाधानाने घोरत होती आणि प्रश्न त्याच्या कानात येऊन बसला होता. त्याने वेग कमी केला. हेल्मेटची काच वर केली. सगळे शब्द आठवत होते. विसरले असते तर काय हवं होतं!

"म्हणालो, 'ती म्हणते, आजारी माणूस घरात नको. वास येतो.'"

 एक वळण गेलं. मग तिचा आवाज आला, खिडकीवरचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"ऐकू नाही आलं."

तिला ऐकू आलं होतं. इतक्या मुक्या गाडीवर न ऐकू यायला झालं काय होतं? त्याने गाडी आणखी हळू केली आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने, सुरुवातीपासून.